नडगीचे हाड आणि सोसण्याचा धर्म

ज्याला ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत, पुरे करावयाचे आहे त्याने दुखण्याला दाद देता कामा नये, दुखणे हे मनाचे दौर्बल्य असून मन बळकट झाले की पाय मुकाट्याने चालू लागतो, आणि सरावाच्या तक्त्यातला एक दिवस जरी चुकला तरी महिन्याची कमाई बुडते, असे एक मत अलीकडे धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींत इतके रूढ झाले आहे की त्याला मत म्हणण्यापेक्षा संप्रदाय म्हणणेच अधिक यथार्थ होईल. पेण, वडखळ, कासू, नागोठणे, रोहे या पट्ट्यात पहाटेच्या अंधारात रस्त्यावर येणाऱ्या लोकांच्या तोंडून हे मत मी पुष्कळदा ऐकले आहे. ते सांगणारे बहुतेक सज्जन आहेत, स्वतः कष्टाळू आहेत, आणि नवशिक्याचे भले व्हावे यापलीकडे त्यांचा काही हेतू नसतो. परंतु त्यांच्या या उपदेशापायी चांगली धडधाकट माणसे नडगीचे हाड मोडून घेतात, टाचेमागची शीर वर्षानुवर्षे दुखती ठेवतात आणि शेवटी हा खेळ सोडून देतात, हे पाहिल्यावर केवळ त्यांच्या सद्धेतूकडे पाहून गप्प राहणे मला शक्य वाटत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. हवाई बेटांवर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जणांनी या खेळातील पहिली आयर्नमॅन शर्यत सुरू केली आणि त्यांतील बारा जणांनी ती पुरी केली. आज तिचे प्रमाण ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे असे आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे ती पुरी केली, पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये, आणि पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर ती इतक्या वेळा पुरी केली आहे की या विषयात त्यांचे नाव घेतल्यावाचून मराठी माणसाचे बोलणे पुढे सरकत नाही. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर या शर्यतीचे अर्धे रूप, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, प्रथमच भारतात भरले आणि परदेशाच्या खर्चाची अडचण दूर होऊन कोकणातल्या नोकरदारालाही तो मनोरथ आवाक्यातला वाटू लागला. धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे ३५ किलोमीटर पोहून जाण्याची परंपरा ज्या खाडीला आहे तिच्या शेजारी राहणाऱ्यांना पोहणे परके नाही. सायकलीसाठी नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्यापर्यंतचा चढउतार आहे. अडचण धावण्याची. गोव्याची शर्यत पावसाळा सरल्यावर येत असल्यामुळे तयारीचे सर्वांत जड महिने आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे होत, आणि नेमक्या त्या महिन्यांत, सायकल व पोहणे यांनी छाती तयार झालेला पण पाय अजून कच्चे असलेला माणूस एकाएकी धावण्याचे अंतर वाढवू लागतो.

या शेवटच्या वाक्यात सगळ्या व्याधीचे मूळ आहे, त्याचा विस्तार पुढे करीनच. तत्पूर्वी प्रतिपक्षाची कैफियत तिच्या सर्वांत समर्थ स्वरूपात मांडली पाहिजे.

प्रतिपक्ष म्हणतो की हा खेळच मुळी सोसण्याचा आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ तो ज्युली मॉस या तरुणीचे उदाहरण देतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या शर्यतीत ती स्त्रियांमध्ये सर्वांच्या पुढे होती. अखेरची रेषा दृष्टीच्या टप्प्यात असताना तिचे पाय गळाले, ती पडली, उठली, पुन्हा पडली, कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली, आणि मग ती हातांवर व गुडघ्यांवर रांगत रेषेपलीकडे पोहोचली. अंतर अवघे २९ सेकंदांचे राहिले. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ते दृश्य लाखो लोकांनी पाहिले आणि या खेळाची कीर्ती जगभर झाली. मलाही ते दृश्य थोर वाटते. परंतु त्या मुलीला काय झाले होते? तिच्या शरीरातले इंधन संपले होते, पाणी आणि क्षार संपले होते, स्नायूंनी आज्ञा मानण्याचे सोडले होते. तिचे हाड मोडले नव्हते, शीर तुटली नव्हती. खाणे, पाणी आणि विश्रांती मिळाल्यावर ज्या अवस्थेतून शरीर पूर्ववत होते त्या अवस्थेत ती होती. थकवा आणि इजा या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. थकव्याशी झुंज देण्यात इच्छाशक्तीला वाव आहे, किंबहुना दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीची सारी रम्यता त्या झुंजीतच आहे. परंतु इजेच्या प्रांतात इच्छाशक्तीचा अंमल चालत नाही. मॉसच्या रांगण्याचा दाखला देऊन कळवळणाऱ्या नडगीवर आणखी बारा किलोमीटर लादणारा माणूस एका खटल्यातील पुरावा दुसऱ्याच खटल्यात रुजू करीत आहे.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे आणि तो मनाला अधिक भिडतो. बाजीप्रभू देशपांडे, १६६० सालचा तो आषाढ, घोडखिंड, अंगावर जखमा आणि विशाळगडावरच्या तोफांची वाट. असे असता तुम्ही पोटरीच्या दुखण्याचे कौतुक काय सांगता, असा प्रश्न आवेशाने विचारला जातो. हा आवेश मी समजू शकतो, पण त्यातला तर्क मला मान्य नाही. बाजीप्रभूंनी देह वेचला तो एका अशा कार्यासाठी, की जे त्या वेळी झाले नसते तर पुढे कधीच होऊ शकले नसते, आणि ज्याचे मोल त्या देहाहून अधिक होते असा निर्णय त्यांनी पूर्ण विचारांती केला होता. रविवारच्या सकाळच्या लांब धावेत असे काय आहे? सराव हा भविष्यासाठी असतो, आणि ज्या सरावाने भविष्यातली शर्यतच अशक्य होते तो सराव ज्या हेतूने केला त्याच हेतूचा घात करतो. शिवाय, जे लोक वारीचा दाखला देतात त्यांनी वारीची व्यवस्था नीट पाहावी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पालखी जवळजवळ तीन आठवड्यांत, ठरलेल्या मुक्कामांनी, ठरलेल्या विसाव्यांनी काटते. वृद्ध माणसे ते चालून जातात याचे कारण त्यांच्या भक्तीत आहे तसेच त्या प्रमाणबद्ध मांडणीतही आहे. ज्या परंपरेने विसाव्याच्या जागासुद्धा शतकानुशतके ठरवून ठेवल्या तिला अविचारी सोसण्याची साक्षीदार म्हणून उभे करणे अन्यायाचे आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. ‘दुखणे’ या एका नावाखाली धावणारा माणूस निदान तीन गोष्टी गोळा करतो: स्नायूंचा थकवा, कंडरेचे म्हणजे टाचेमागच्या शिरेसारख्या दोरीचे दुखणे, आणि हाडाचे दुखणे. तिघांचे कायदे वेगळे आहेत, आणि सर्वांवर एकच फर्मान काढणे ही प्रतिपक्षाची मूळ चूक आहे.

हाडाचे घ्या. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या वेदनामय सुजेचे वर्णन केले. त्या वेळी क्ष-किरण ज्ञात नव्हते, त्यामुळे ते काय आहे हे त्याला दिसू शकले नाही. शतकाच्या अखेरीस क्ष-किरण आल्यावर १८९७ साली कळले की ती पावलाच्या हाडांना गेलेली बारीक चीर असते. त्या सैनिकांना कोणी लाठीने मारले नव्हते की ते कोठून पडलेही नव्हते. नित्याचेच पाऊल पुनःपुन्हा पडून ते हाड भंगले होते. हाड ही निर्जीव वस्तू नाही. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड रचणाऱ्या पेशी आपल्या शरीरात अहोरात्र काम करीत असतात, आणि नवा भार आला की आधी पोखरण्याचे काम सुरू होते, मागाहून रचण्याचे. पोखरणे दोन-तीन आठवड्यांत उरकते, त्या जागी पक्के हाड तयार होण्यास तीन महिन्यांच्या आसपास लागतात. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा दुबळे असते, आणि नेमक्या याच काळात हृदय व फुप्फुसे मात्र भराभर सुधारत असतात. केवळ धावणाऱ्याचा दम आणि पाय साधारणतः बरोबरीने वाढतात. ट्रायथलॉनवाल्याचा दम सायकल आणि पाणी यांनी आधीच वाढवून ठेवलेला असतो, त्यामुळे छाती त्याला पुढे ढकलते आणि हाड तयार नसते. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार जमिनीकडून परत येतो, आणि दहा किलोमीटरमध्ये अशी आठ-दहा हजार पावले पडतात.

पेणच्या खारपट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या, बांधाला खेकडा भोक पाडतो तेव्हा आतल्या भातशेतीला काहीच जाणवत नाही. ओहोटीच्या वेळी पाहणारा शेतकरी ते चिखलाने बुजवतो आणि काम तेथेच संपते. ते तसेच राहिले तर उधाणाच्या भरतीला त्याच जागी बांधाला खांड जाते, खारे पाणी आत शिरते, आणि मग जमीन पुन्हा गोडी होण्यास किती पावसाळे जावे लागतात हे त्या शेतकऱ्यालाच विचारावे. बांधाने भरती सोसली पाहिजे असे म्हणून भोकाकडे दुर्लक्ष करणारा शेतकरी या मुलखात मला अद्याप भेटलेला नाही. नडगीच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबले असता कळ येणे, धावणे संपल्यावरही ती राहणे, रात्री अंथरुणात जाणवणे, एका पायावर उडी मारताच नेमक्या त्याच जागी चमक निघणे, या त्या भोकाच्या खुणा आहेत. त्या दिसल्यावर थांबलेच पाहिजे. येथे मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि ‘फोटो स्वच्छ आहे’ एवढ्या आधारावर पुन्हा रस्त्यावर उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की चित्र नंतर बोलते, हाड आधी बोलते; खात्रीसाठी एमआरआय लागतो. हाडाला नुसता ताण बसला असता काही आठवड्यांच्या खंडाने भागते, पण चीर पुरी झाली की सहा ते आठ आठवडे धावणे बंद, कधी त्याहूनही अधिक. मांडीच्या हाडाच्या मानेशी, म्हणजे जांघेत खोल, जर अशी चीर गेली आणि माणूस धावत राहिला तर हाड सरकून शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

बीड जिल्ह्यातील धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी उभ्या महाराष्ट्रात कोणी म्हटले नाही की मनाचा निग्रह करून त्यांनी पुढची शर्यत पळावी. जे एका क्षणात तुटते त्याला आपण इजा मानतो आणि जे सहा आठवडे तुटत असते त्याला आळस मानतो. शरीराच्या दृष्टीने या भेदाला काहीही आधार नाही.

परंतु याच ठिकाणी दुसरी मंडळी पुढे सरसावतात आणि म्हणतात, ‘मग आम्ही काय सांगत होतो? झोपून राहा, पाय हलवू नका, धावण्याने गुडघे जातातच.’ घरातील वडीलधाऱ्यांचा हा सल्ला प्रेमाचा आहे, तरी तोही मला तितकाच अमान्य आहे. विश्रांती, बर्फ, बांधणे आणि पाय उंच ठेवणे या चार उपायांचे सूत्र अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ साली, म्हणजे योगायोगाने पहिल्या आयर्नमॅनच्याच वर्षी, प्रचारात आणले. आणि पुढे स्वतः मर्किन यांनीच जाहीरपणे सांगितले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास मदत होण्याऐवजी विलंब होऊ शकतो. कंडरेच्या बाबतीत तर पूर्ण विश्रांती हे औषधच नव्हे. स्वीडनचे शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेमागच्या शिरेच्या जुनाट दुखण्यासाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मांडला: पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, आणि तोही दुखत असताना. २००७ साली स्वीडनमध्येच ३८ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात एका गटाला पहिले सहा आठवडे धावणे-उड्या मारणे बंद केले आणि दुसऱ्या गटाला शून्य ते दहाच्या मापावर दुखणे पाचाच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळी ते शमले पाहिजे या अटीवर धावण्याची मुभा दिली. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. म्हणजे शीर मोजून दिलेले दुखणे स्वीकारते, इतकेच नव्हे तर मोजून दिलेल्या भारानेच ती पुन्हा बळकट होते. हाड ते स्वीकारत नाही. ज्याला हे दोन कायदे वेगळे आहेत हे ठाऊक नाही त्याने दुसऱ्याच्या पायावर निवाडा देण्याचे धाडस करू नये, मग तो निवाडा धावण्याचा असो की झोपण्याचा.

‘एक दिवस चुकला तर सर्व बुडाले’ या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माणसाला जखमी पायाने रस्त्यावर ढकलते ती बहुधा ही भीतीच, धैर्य नव्हे. १९८४ साली अमेरिकेत एडवर्ड कॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात उत्तम सराव असलेल्या व्यक्तींचा सराव पूर्णपणे थांबवून मोजमाप केले: प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनंतर १६ टक्क्यांवर स्थिरावली. ही घट काहीच न करता नुसते बसून राहणाऱ्यांची आहे. ट्रायथलॉनवाल्यापाशी तर तीन खेळ आहेत, आणि त्यांपैकी दोन बहुधा शाबूत असतात. गळ्याइतक्या पाण्यात शरीराचे वजन जवळजवळ एक दशांश उरते. कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात तळाला पाय न लावता धावण्याची क्रिया केली तर हृदयाला काम मिळते आणि नडगीला विसावा. ॲलिस्टर ब्राउनली या इंग्लिश ट्रायथलॉनपटूच्या टाचेमागची शीर २०१२ सालच्या आरंभी, ऑलिंपिकला जेमतेम सहा महिने उरले असताना, फाटली. पाय बंदिस्त करून ठेवावा लागला. त्याने पाण्याखाली चालणारा धावपट्टा मिळवला, त्यावर आठवडेच्या आठवडे सराव केला, जूनमध्ये किट्झब्यूलची शर्यत जिंकली आणि ७ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये अखेरचे दहा किलोमीटर २९ मिनिटे ७ सेकंदांत धावून सुवर्णपदक मिळवले. जगातील सर्वांत जिद्दी माणसांपैकी एकाने आपली जिद्द कशावर खर्च केली हे प्रतिपक्षाने पाहावे: फाटलेल्या शिरेवर धावण्यात त्याने ती घालवली नाही, पाण्यातल्या कंटाळवाण्या सरावात घातली.

कासूच्या माणसापाशी पाण्याखालचा धावपट्टा नाही, हे मला मान्य आहे. परंतु साधे स्थिर पाणी आणि एक पट्टा मिळवणे अशक्य नाही. खाडीत मात्र हा प्रयोग करू नये, भरती-ओहोटीची ओढ आणि गाळ यांमुळे तेथे एकटा माणूस धोक्यात येतो. तरणतलाव पेणला, रोह्याला किंवा पनवेलला जेथे जवळ असेल तेथे आठवड्यातून दोनदा जाण्याची सोय करावी. घरातल्या पायरीवर टाचा सोडण्यास तर पैसाही लागत नाही. सायकलीविषयी एवढीच सूचना की टाचेची शीर दुखत असेल तर बैठक किंचित खाली घ्यावी आणि उभे राहून चढ चढू नये. हाडाची चीर असेल तर वैद्याच्या परवानगीवाचून पायडलवर जोर देऊ नये.

आता एका विशेष निषिद्ध गोष्टीकडे वळतो. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेणे ही रीत इतकी सर्रास झाली आहे की गोळीची पट्टी सायकलीच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाशेजारी ठेवलेली असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८० किलोमीटर धावणाऱ्या ८९ स्पर्धकांपैकी काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याची चिन्हे पहिल्या गटात ५२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३४ टक्के जणांत दिसली. गट लहान होता हे खरे, पण ऑक्टोबरच्या उन्हात, कोकणच्या दमट हवेत, शरीरातले पाणी आटत असताना हा धोका पत्करण्यासारखे त्या गोळीत काय आहे? ती हाडाची चीर सांधत नाही. चीर गेल्याची वर्दी देणाऱ्याचे तोंड तेवढे बंद करते.

रस्त्याला दोष देण्याचीही एक सोयीस्कर प्रथा आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या महामार्गाचे काम २०११ पासून रखडत आले, त्याचे पळस्पे-कासू आणि कासू-इंदापूर असे दोन भाग झाले, खड्डे आले, काँक्रीट आले, आणि दुखणाऱ्या प्रत्येक पायाचे खापर त्या काँक्रीटवर फुटू लागले. खड्ड्यात पाय मुरगळल्यास महामार्ग जबाबदार आहेच. परंतु नडगी दुखू लागली तर प्रथम मागील सहा आठवड्यांची टिपणवही उघडावी. कठीण पृष्ठभागावर पाय आपला ताठरपणा आपोआप बदलून घेतो. महिन्याभरात दुप्पट झालेल्या अंतराशी मात्र हाडाला असे जुळवून घेता येत नाही. त्याच न्यायाने, दर आठवड्याला दहा टक्केच वाढवावे या प्रसिद्ध नियमावरही कोणी विसंबू नये: नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्या धावपटूंवर २००८ साली तो पडताळून पाहिला गेला, आणि नियम पाळणाऱ्यांत व न पाळणाऱ्यांत साधारण पाचातला एक सारख्याच प्रमाणात जखमी झाला. कोणताही तक्ता शरीराचा कुलमुखत्यार होऊ शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट मी अधिक कळकळीने लिहितो, कारण ती सांगण्यास संकोच केला जातो आणि त्या संकोचाची किंमत त्यांची हाडे देतात. वजन घटले की वेग वाढतो या समजुतीने खाणे कमी करावयाचे, वर तीन खेळांचा सराव करावयाचा, आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ती कसून मेहनत केल्याची खूण मानावयाची, हा प्रकार घातक आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले आणि ती पुरुषांनाही लागू होते हे स्पष्ट केले. ज्या स्त्रीची पाळी काही महिने थांबली आहे तिच्या नडगीचे दुखणे बुटांनी जाणार नाही. तिला पोटभर जेवण आणि वैद्य यांची गरज आहे, आणि तिला ‘आणखी सोस’ असे सांगणारा प्रशिक्षक तिच्या पुढच्या तीस वर्षांच्या हाडांशी खेळत आहे.

राहिला प्रवेशशुल्काचा आणि लोकलज्जेचा प्रश्न. शुल्क भरलेले असते, गोव्यातील खोली ठरलेली असते, कचेरीत रजा मंजूर झालेली असते, नातेवाइकांना सांगितलेले असते. अशा वेळी माघार घेणे म्हणजे पत गमावणे वाटते. जर्मनीचा यान फ्रोडेनो २ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या अंतराचा जगज्जेता झाला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कमरेजवळच्या हाडाला ताणाची चीर गेल्याचे निष्पन्न होताच त्याने हवाईच्या जागतिक शर्यतीतून माघार घेतली. त्याच्यावर प्रायोजकांचा पैसा होता, साऱ्या जगाची दृष्टी होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, तो परत आला आणि ७ तास ५१ मिनिटे १३ सेकंदांत त्या मार्गावरचा तोवरचा सर्वांत वेगवान पुरुष ठरला. आमच्याकडील आयोजकांनीही वैद्याचा दाखला आणणाऱ्या जखमी स्पर्धकाचे शुल्क पुढील वर्षासाठी जमा धरण्याची पद्धत सरसकट चालू करावी. माणसाला मोडक्या पायाने रेषेवर उभे करण्यात त्या पैशाचा वाटा मोठा असतो.

एका आक्षेपाला उत्तर देणे उरले आहे, आणि तो सर्वांत अवघड आहे. याच रस्त्यावर, ट्रायथलॉनच्या महागड्या सायकलींच्या आधी, पोलीस भरतीची मुले-मुली धावत असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर वेळेत धावून गुण मिळवायचे असतात, वयाची मर्यादा जवळ येत असते, घरी कोणी मिळवते नसते. त्यांची नडगी दुखत असता ‘थांबा’ असे त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार? ट्रायथलॉनवाल्याची शर्यत पुढच्या वर्षी आहे, त्यांची कदाचित नाही. येथे सोसण्याला खरे कारण आहे हे मी नाकारीत नाही, आणि चाचणीच्या दिवशी दुखऱ्या नडगीने धावण्याचा निर्णय एखाद्या मुलीने घेतला तर तो तिचा अधिकार आहे; तिला नावे ठेवणाऱ्यांत मी नसेन. परंतु त्या दिवसाच्या आधीचे चार महिने तिचे नसतात, ते तिला धावायला लावणाऱ्याचे असतात. जाहिरात निघाल्यावर एकदम सुरू केलेला दोन वेळचा सराव, रोज त्याच वेगाने त्याच अंतराची चाचणी, दुखले की गोळी, आणि ‘पोलिसाला दुखत नाही’ ही घोषणा, हे सर्व ज्याच्या हुकुमाने चालते त्याने निदान एवढे करावे: जाहिरातीची वाट न पाहता सराव लवकर सुरू करावा, आठवड्यातले तीनच दिवस धावून घ्यावे आणि बाकीचे दिवस चढ चालणे, जोर-बैठका आणि पायरीवरच्या टाचा यांना द्यावे, आणि जिच्या नडगीवर बोट ठेवताच ती कळवळते तिला त्याच दिवशी पेणच्या किंवा रोह्याच्या रुग्णालयात पाठवावे. तिची चीर वेळेवर कळली तर काही आठवड्यांत ती पुन्हा मैदानावर येईल. नाही कळली, तर ८०० मीटरपैकी कोणत्या मीटरवर ती खाली बसेल हे तिच्या निग्रहावर अवलंबून राहणार नाही.